मेणाचं नाक

पावडरच्या जुन्या डबीत ते अजून होतं. पिवळट, टोकाला मस, एका कडेला तिच्याच अंगठ्याचा ठसा. एकसष्ट सालचं नाक. तिने ते मुठीत घेतलं. त्या साली दोघी बहिणी एकाच सिनेमाच्या निवडीला गेल्या, आणि दिग्दर्शकाने एकदाच मान वर करून सांगून टाकलं – धाकटी राजकन्या, थोरली म्हणजे ही चेटकीण. रीतच तशी होती. गोरी ती भोळी, सावळी ती कपटी. राजकन्येने जादूची अंगठी हरवायची, शाप लागून झोपायचं, राजपुत्राने येऊन उठवायचं... आणि उरलेलं सगळं, वादळं, मंत्र, गडगडाटी हसणं, चेटकिणीने करून शेवटी धूर होऊन जायचं.

"आजी, राजकन्या नुसती झोपलीच आहे की!" टीव्हीवर तोच सिनेमा बघत बसलेली नात म्हणाली.

"झोपूनच नाव काढलं तिनं."

बोलून गेली आणि तोंड कडू झालं. रोज सकाळी रंगभूषाकार मेण ऊन करून तासभर नाक बसवायचा, तेव्हा शेजारच्या आरशात धाकटीच्या केसांत मोती माळले जात... आणि तो दिवस. जेवणाच्या सुट्टीत काढून झग्याच्या खिशात ठेवलेलं नाक परत लावायचं राहूनच गेलं. ती तशीच झोपलेल्या राजकन्येवर ओणवली, शाप दिला. "वा! काय भयंकर दिसलात!" दिग्दर्शक ओरडला. एवढ्या माणसांत एकाच्याही लक्षात आलं नाही.

"अय्या, आजी! इथे तुझं नाक घरचंच आहे!"

ती दचकली. साठ वर्षांत हे ओळखणारी ही पहिलीच... पहिलीच? पडद्यावर धाकटीच्या पापण्या किंचित किलकिल्या होत्या. म्हणजे तिने पाहिलं होतं. आणि जन्मभर अवाक्षर काढलं नाही.

विचारायचं कुणाला? दिग्दर्शक कधीच गेला. राजपुत्राने फर्निचरचं दुकान काढलं. पोट सुटलं तरी तलवारीचा फोटो मागे टांगून बसायचा, तोही गेला. धाकटी तीन वर्षांपूर्वी गेली, झोपेतच – तिथेही आयतं.

"मागे घे गं जरा."

पुन्हा त्या पापण्या, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी. हसू होतं, की कीव... की नुसतीच माया? हसू असेल तर इतक्या वर्षांचा हेवा सार्थकी लागला. पण माया असेल तर... तर तो आता ठेवायचा कुठे?

मुठीतलं मेण ऊन होऊन मऊ पडू लागलं होतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.