माणशी चार हजार दोनशे

सतरा नंबरच्या घराचा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला तेव्हा काटेबाई बसस्टॉपवर उभ्या होत्या आणि त्यांच्या चपलेचा अंगठा नुकताच तुटला होता. टॅबलेटवर लाल शेरा उमटला होता: 'माणशी रोज ४२०० कॅलरी. अशक्य. पुन्हा भेट द्या.'

"अशक्य म्हणे," त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारचा माणूस दोन पावलं लांब सरकला.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शेती आणि आहार यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेसाठी त्या पंधरा वर्षं घरोघर फिरून माहिती गोळा करत होत्या. पिशवीत कायम स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा असायचा, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. या वेळी अभ्यास होता भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांचा. जे पिकवतात ते स्वतः काय आणि किती खातात, हे दोनशे चाळीस घरांत जाऊन विचारायचं. गेल्या सात दिवसांत तांदूळ किती शिजला, तेल किती लागलं, बटाटे किती, अंडी किती. ऐकायला सोपं वाटतं. पण पुरुषाला विचारलं तर तो छताकडे बघून आकडा ठोकून देतो, आणि बाईला विचारलं तर ती म्हणते, "आता ते काय मोजून करतो का आम्ही?" मग तिचं माप मागून घ्यायचं, तिला मुठीने तांदूळ घालायला सांगायचे आणि काट्यावर ठेवायचे. असं दिवसाला चार घरी. संध्याकाळी घरी पोचल्यावर लेकीने "आई, आज भात किती टाकू?" असं विचारलं तरी काटेबाईंच्या कपाळाला आठी पडायची.

सतरा नंबरचं घर टोमॅटोवाल्याचं. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं, अशी चार माणसं. आठवड्याला तांदूळ बारा किलो, पीठ दहा, डाळ चार, बटाटे आठ, तेल दोन लिटर. पहिल्या खेपेला काटेबाईंनाही आकडे जास्त वाटले होते, म्हणून त्यांनी प्रत्येक माप दोनदा तोललं. दुसऱ्या खेपेला तेच आकडे. तिसऱ्या खेपेलाही तेच.

त्यांनी ऑफिसात तपासनिसाला फोन लावला. हा गृहस्थ संगणकासमोर बसून सगळ्यांचे फॉर्म तपासायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने त्याच्या खुर्चीमागे अर्धा तास उभं राहावं.

"मी तीनदा तोललंय," काटेबाई म्हणाल्या. "काटाही तपासून घेतला."

"ताई, चार माणसं एवढं खातच नाहीत. चार हजारांच्या वर गेलं की सिस्टीम घेत नाही."

"मग सिस्टीमला पाठवा तोलायला."

"तसं नाही ताई, पण…" तो जरा घुटमळला. "वरती असंही वाटतंय की फॉर्म घरी बसून भरला असावा."

काटेबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पंधरा वर्षांत त्यांनी एक आकडा मनाने लिहिला नव्हता. त्यांनी फोन बंद केला, चपलेला सेफ्टी पिन लावली आणि उलट दिशेची बस पकडली.

टोमॅटोवाल्याचं घर बसस्टॉपपासून वीस मिनिटांवर होतं. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात प्लॅस्टिकचे क्रेट रचलेले, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे कोंबड्यांचं खुराडं. नवरा माल घेऊन बाजारात गेला होता. बायको दारातच भेटली. डोक्याला रुमाल, एका हातात कोंबड्यांच्या दाण्याची बादली, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला चार पुडांचा डबा. काटेबाईंना बघून तिचा चेहरा पडला.

"परत?"

"परत. तुमच्या घरात चार माणसं जेवतात की आठ, एवढंच सांगा म्हणजे मी सुटले."

"चारच."

"मग एवढं जातं कुठे? तुम्ही चौघं दिवसभर खातच बसलात तरी संपायचं नाही. मला ऑफिसात खोटारडी ठरवायला लागलेत हो."

काटेबाईंची नजर डब्यावर गेली. डब्याच्या फटीतून गरम वाफ येत होती.

"कोंबड्यांना गरम डाळ लागते का?" त्यांनी विचारलं.

बायको मटकन पायरीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. शेताच्या पलीकडच्या अंगाला थोरल्या दिराचं घर. सहा वर्षांपूर्वी पंपाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून दोघा भावांचं वाजलं, ते एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. बांधावर काटेरी तार आली. दोन वर्षांपूर्वी जाऊ जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणावर. दिराला चहासुद्धा धड करता येत नाही. सासरे त्यांच्याकडेच, वय झालेले, आणि दिराची मुलगी सकाळी कामाला जाते ती संध्याकाळी येते.

"पहिल्या आठवड्यात मी गेले बघायला, तर सासरे कोरडा पाव पाण्यात बुडवून खात होते," ती म्हणाली. "मग काय करायचं? भांडण भावांचं आहे. जावेने माझं काय घोडं मारलंय?"

"आणि तुमच्या ह्यांना माहीत नाही?"

"माहीत झालं तर घर डोक्यावर घेतील. म्हणून कालव्याच्या कडेने वळसा घालून जाते. बादली हातात असते, विचारलं तर कोंबड्यांचं निमित्त." तिने काटेबाईंचा हात धरला. "ताई, तुम्ही कुणाला सांगू नका."

काटेबाईंनी शब्द दिला. बसमध्ये त्यांनी फॉर्म उघडला आणि त्यांचं घोडं अडलं. फॉर्ममध्ये 'घरी जेवलेले पाहुणे' असा रकाना होता. पण हे लोक घरी जेवत नव्हते. घरातून शिजवून बाहेर गेलेल्या अन्नाला रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी चार पाहुणे भरले आणि शेऱ्याच्या जागी स्पष्ट लिहिलं: 'अन्न घराबाहेर दिले जाते. खाजगी बाब. कुटुंबप्रमुखाला फोन करू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसाचा खुशीत फोन आला. "ताई, सतरा नंबर पास! आठ माणसं धरली की माणशी एकवीसशे. एकदम बरोबर."

"देव पावला."

"आणि पडताळणीही झाली. फॉर्म बदलला की कुटुंबप्रमुखाला फोन करावाच लागतो ना."

काटेबाईंना दरदरून घाम फुटला. "मी लिहिलं होतं की करू नका!"

"हो का? शेरे आम्ही शेवटी वाचतो, ताई."

"काय विचारलंत त्यांना?"

"तेच. आपल्या घरचं अन्न रोज चार बाहेरची माणसं जेवतात, हे खरं आहे का."

त्यावर काटेबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्या तशाच निघाल्या. वाटेत त्यांना टोमॅटोवाल्याच्या घरातली भांडी अंगणात पडलेली डोळ्यांसमोर दिसत होती. दोन भावांचं भांडण होतं, त्यात आपण नवरा-बायकोचं लावून दिलं, आणि ते कशासाठी, तर एका लाल शेऱ्यासाठी.

शेडमध्ये टोमॅटोवाला मोठे आणि लहान टोमॅटो वेगळे करत बसला होता. बायको पाठमोरी उभी राहून क्रेट असा आपटत होती की खालच्या टोमॅटोंची चटणी व्हावी.

"या," टोमॅटोवाला म्हणाला. "तुमच्या ऑफिसातून फोन आला होता."

"भाऊ, माझी चूक आहे. वहिनींना काही बोलू नका, त्यांनी…"

"मी कशाला बोलतोय? तीच बोलतेय सकाळपासून."

बायको गर्रकन वळली. "ऐका ताई, ऐका! ह्यांना माहीत होतं! दोन वर्षं माहीत होतं!"

"पोती मी आणतो," टोमॅटोवाला शांतपणे म्हणाला. "चार माणसांना महिन्याला नव्वद किलो धान्य लागतं, हे मला कळणार नाही का? आणि कोंबड्यांना दाणा टाकायला कोणी डोक्याला रुमाल बांधून जात नाही."

"मग बोलला का नाहीत?" बायकोचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी कालव्याच्या कडेने हिंडतेय! उन्हात, चिखलात! एकदा घसरून पडले, डबा पाण्यात गेला, तर मी घरी येऊन खोटं सांगितलं की कोंबडीमागे धावताना पडले. आणि हे मान डोलावतात! बांधावरून गेलं असतं तर शंभर पावलं होती, शंभर!"

टोमॅटोवाल्याने हातातला टोमॅटो फिरवून फिरवून पाहिला. "माहीत आहे म्हटलं असतं तर मला हो तरी म्हणावं लागलं असतं, नाहीतर नाही तरी. नाही म्हणवत नव्हतं. आणि हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. तू जात होतीस, बरं चाललं होतं."

"तुमचं बरं चाललं होतं!"

काटेबाईंना हसावं की रडावं कळेना. "फोनवर काय सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"बाहेरची माणसं नाहीत म्हणालो. घरचीच आहेत, आठ लिहा."

क्रेट आपटायचा आवाज थांबला. मग बायकोने कापडात बांधलेला डबा आणून त्याच्यासमोर ठेवला. "घरचीच आहेत ना? मग आज तुम्ही न्या. तारेखालून."

तो उठेना. ती हलेना. शेवटी काटेबाईच वैतागल्या. "भाऊ, मला तीनची बस आहे. काय ते ठरवा."

टोमॅटोवाला उठला, पक्कड घेतली आणि बांधाकडे चालू लागला. तार कापल्याचा आवाज शेडपर्यंत आला. तो पलीकडे गेला, थोरल्या भावाच्या उंबऱ्यावर डबा ठेवला आणि कुणाशी एक अक्षर न बोलता माघारी आला. थोरला भाऊही बाहेर आला नाही. पण म्हातारा खिडकीत उभा होता, आणि त्याने हात वर केला होता, असं टोमॅटोवाल्याने नंतर बायकोला सांगितलं. बायको त्याच्याशी तरीही आठ दिवस बोलली नाही.

इकडे ऑफिसात वेगळंच झालं. काटेबाईंनी खरी हकीकत कळवली आणि पास झालेला फॉर्म पुन्हा उघडला. घर दोन, चूल एक, तेव्हा कुटुंब चारचं की आठचं, यावर तपासनीस अडला. प्रकरण सरांकडे गेलं. सर अभ्यासाचे प्रमुख, अर्थतज्ज्ञ, स्वभावाने भले, पण शेत शेवटचं कधी पाहिलं हे त्यांना आठवलं नसतं.

"वगळून टाका," सर म्हणाले. "एका घराने निष्कर्ष बिघडायला नको."

"वगळायचं?" काटेबाई उभ्याच होत्या. "पाच खेपा घातल्यात मी, सर. नवरा-बायकोत भांडण लावून आलेय. आता खरं काय ते कळलंय, तर वगळायचं?"

"अपवाद आहे तो, बाई."

"अपवाद आहे की नाही हे तुम्ही कुणाला विचारलंत का? मी विचारलंय." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "लाल शेऱ्याची अजून अकरा घरं होती. काल त्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला, शिजवलेलं घराबाहेर कुणाला जातं का. नऊ घरं हो म्हणाली. कुणाची विधवा नणंद, कुणाचा एकटा शेजारी, एकीचा तर सोडून गेलेला नवरा. तुम्ही म्हणता हे लोक जास्त खातात. ते खात नाहीत, देतात. आणि ज्यांच्याकडे जातं ते तुमच्या यादीत उपाशी दिसत असणार."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद दोनदा वाचला. "हे तर फार महत्त्वाचं आहे," ते हळूच म्हणाले, आणि मग उठून येरझारा घालू लागले. "नवा रकाना घालू. 'घराबाहेर दिलेले शिजवलेले अन्न'. वा! बाई, तुम्ही कमाल केलीत!"

काटेबाईंना पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणी कमाल केली असं म्हणत होतं. त्या खुर्चीत बसल्या.

"अर्थात," सर म्हणाले, "मग सगळ्यांनाच विचारायला हवं. दोनशे चाळीस घरं. पुन्हा."

तपासनिसाने संगणकात डोकं घातलं.

तीन आठवड्यांनी काटेबाई सतरा नंबरच्या घरी पायरीवर बसल्या होत्या. नवरा-बायको दोघंही समोर. सासरे दिवसाला एक वाटी डाळ खातात की दोन, यावर त्यांचं जुंपलं होतं. काटेबाईंनी दीड लिहून टाकली आणि पुढचा प्रश्न उघडला. अन्न कुणाला दिले? पर्याय तीनच होते: शेजारी, संस्था, इतर.

"इतर टाकते," त्या म्हणाल्या.

टोमॅटोवाल्याने मान लांब करून पडद्याकडे पाहिलं. "इतर? सख्खा भाऊ आहे तो माझा."

"बोलत तर नाही तुम्ही त्याच्याशी."

"म्हणून काय इतर झाला?"

काटेबाईंनी कपाळावर हात मारला आणि तपासनिसाला फोन लावला.