काठावरची ओळ

दुकानदाराने बारावी कांगा उलगडली. मोझाने तिच्या काठावर छापलेली ओळ वाचली आणि म्हणाली, "हीच."

"'पाठ फिरवणाऱ्याला वाट मोकळी.'" दुकानदार गालात हसला. पेंबा बेटावर बायका जे तोंडाने बोलत नाहीत, ते अंगावर पांघरायच्या या कांगेच्या काठाकडून वदवून घेतात. "कुणावर एवढा राग, आजी?"

"तू कापड बांध."

राग झुवेनावर होता. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली, एकाच चटईवर लवंगा वाळवलेली झुवेना. तीन वर्षांपूर्वी मोझाचा मुलगा आणि सून भांडून घर सोडून गेले. आता गल्ली आपल्याला हसणार, हे मोझाने मनाशी धरूनच ठेवलं होतं. तिसऱ्याच दिवशी झुवेना नवी पिवळी कांगा पांघरून तिच्या दारावरून गेली. पाठीवर ओळ होती, तिखट जिभेच्या घरी पाहुणा टिकत नाही. वर मोझाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मोझाने हाक मारणं सोडलं आणि जशास तशी एक कांगा आणली. मग दुसरी. अशा सात झाल्या. एकेक पांघरून ती झुवेनाच्या ओट्यापुढून सावकाश जायची, ओळ नीट वाचता यावी म्हणून. झुवेना ढिम्म बसून राहायची, आणि तेच मोझाला जास्त झोंबायचं. घरी येऊन ती चहाचे दोन कप काढायची, मग एक परत फळीवर ठेवायची.

आज झुवेना कायमची झांझिबारला मुलीकडे निघाली होती.

धक्क्यावर ती गाठोड्यावर बसली होती. मुलगी तिकिटाच्या रांगेत होती. मोझाने न बोलता नवी कांगा तिच्या मांडीवर टाकली आणि समोर उभी राहिली. झुवेनाने कापडावरून हात फिरवला, नाकाशी नेलं.

"कोण गं?"

"आता ओळखही विसरलीस?"

झुवेनाचा हात थांबला. "मोझा? किती दिवसांनी आवाज ऐकला तुझा! रंग कोणता आहे गं हिचा?"

"दिसत नाही का?"

"चार वर्षं झाली. नुसतं धुकं. बोभाटा नको म्हणून कुणाला बोलले नाही. गल्लीतून पावलं मोजत जायची."

मोझा तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. "आणि ती तुझी पिवळी कांगा?"

"पिवळी होती का ती? दुकानदाराने दिली, हाताला मऊ लागली, घेतली. का?"

"तिच्यावर लिहिलं होतं, तिखट जिभेच्या घरी पाहुणा टिकत नाही."

"अगं बाई! आणि ती पांघरून मी बाजारभर मिरवले?" झुवेना पोट धरून हसली. "सांगायचं नाहीस का मेले?" हसता हसता तिचा आवाज बारीक झाला. "पण तू हाक मारणं का सोडलंस? मला वाटलं, हिला कळलं. आंधळी गळ्यात पडेल म्हणून टाळतेय."

मोझाने मनाशी मोजलं. तीन वर्षं. भिंत तर एवढीशी होती.

"ह्या कांगेवर काय लिहिलंय?" झुवेनाने विचारलं. "राहू दे. लेक वाचून दाखवेल वाटेत."

"फालतू आहे काहीतरी. दे इकडे." मोझाने ती ओढूनच घेतली. डोक्यावरची जुनी कांगा सोडली आणि झुवेनाच्या खांद्यावर घातली. धुऊन धुऊन तिच्यावरची अक्षरं कधीच गेली होती. "ही घे."

झुवेनाने पदर नाकाशी धरला. "लवंगा," ती म्हणाली.

बोट सुटली. उघड्या डोक्याने चारचौघांत उभं कसं राहायचं, म्हणून मोझाने नवी कांगाच पांघरली. 'पाठ फिरवणाऱ्याला वाट मोकळी' तिच्या पाठीवर आली. मागे कुणीतरी ते वाचून खुदकन हसलं.

कठड्याशी उभी झुवेना हात हलवत होती, पण भलतीकडे, गोदामाकडे.

"झुवेना!" मोझाने हाक मारली. आवाज आधी फाटला. तिने पुन्हा मारली. "अगं, इकडे! इकडे!"

हात मध्येच थांबला आणि तिच्या बाजूला वळला. बोट खडकाआड जाईपर्यंत मोझा हाका मारत राहिली.