आठ घरांचा निरोप

मुलांनो, एक चाळ डोळ्यांपुढे आणा. निघोजे गावातली, पत्र्याची, आठ खोल्यांची. सात दारांना कुलपं, कारण सगळे कंपनीत. प्रत्येक दारापुढे मात्र एक रिकामा हंडा. चार वाजता नळ आला की जो घरी असेल त्यानं सगळ्यांचे हंडे भरायचे, असा तिथला रिवाज. आणि घरी असायची ती फक्त दहा वर्षांची करिष्मा.

त्या दिवशी तिनं आठवा हंडा भरला, तोच नळाचं पाणी सोडणारे नवनाथकाका गाडी थांबवून ओरडले, "ए पोरी, पिऊ नको ते! पाइपात गटाराचं पाणी शिरलंय. सकाळीच मेसेज टाकलाय. तुझ्या आईला न्हाई आला?"

"आईचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, काका."

काकांनी मोबाइलमधली यादी पाहिली. "हितं तर रोहिदासशेठचाच नंबर हाय."

"ते घरमालक. दूर, पिंपळे सौदागरला राहतात."

"म्हंजे आठ घरांचा निरोप एका खिशात! कमाल हाय राव. लादी पुसायला वापरा ते. मला अजून चार गल्ल्या हायेत." गाडी गेली.

सगळे हंडे करिष्मानंच भरले होते. घरातल्या जुन्या फोनवरून तिनं पाणीखात्याचा नंबर लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत राहिला. काकांनंतर तिच्याशी बोललेला तो एकच आवाज, आणि तो रेकॉर्ड केलेला; त्याला तिचं ऐकू येत नव्हतं.

मग तिनं खडू घेतला आणि एकेका दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी पिऊ नका.' शेवटच्या दाराशी हात थांबला. ते अंबूबाईंचं दार, आणि त्यांना वाचता येत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. कँटीनची भांडी घासून त्या साडेपाचला यायच्या आणि कुलूप काढायच्या आधी हंड्यातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायच्या. हंडा रिकामा दिसला असता तर त्यांनी शेजारच्या दारचं पाणी प्यायलं असतं.

आईचा दंडक होता: पाच वाजले की आतून कडी लावायची, कुणी हाक मारली तरी उघडायची नाही.

पाच वाजले. चाळीत चिटपाखरू नव्हतं. करिष्मानं आपल्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, अंबूबाईंच्या हंड्यावर झाकण ठेवलं आणि त्याच्यावर स्वतः जाऊन बसली.