बकुळेला आलेली स्वागताची मेल

माझ्या मुलाला, हृषीकेशला, एक नवी खोड लागली आहे. बकुळा गेल्यापासून कुणी भेटायला आलं की पाण्याचा पेला पुढे करता करता तो सांगून टाकतो, "काकूने नंबरच चुकीचा टाकला होता." कुणी विचारलेलं नसतं. आमच्या सीपरी मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना हिंदीत सांगून झालं. आज मऊरानीपूरहून बकुळेचे भाऊ दीनानाथ आले. त्यांनी अजून चपला काढल्या नव्हत्या, तोवर त्यांना मराठीत सांगितलं. दीनानाथ मान खाली घालून म्हणाले, "ती पहिल्यापासून वेंधळीच." मेलेल्या बहिणीची लाज वाटून घेतली त्या माणसाने, माझ्या बैठकीत बसून. तिथे माझं डोकं फिरलं.

बकुळा माझी धाकटी जाऊ, आणि वेंधळी ती कधीच नव्हती. मूलबाळ नाही, नवरा गेलेला, तरी लक्ष्मी तलावाकडच्या आपल्या दोन खोल्या सोडून आमच्याकडे यायला तयार नव्हती. हृषीच्या गुडगावच्या कंपनीने अशा एकट्या म्हाताऱ्यांसाठी फोनमधलं एक अ‍ॅप काढलंय. पडलं-झडलं तर लाल बटण दाबायचं, की घरच्यांचा फोन वाजतो. नव्याने अ‍ॅप घेणाऱ्यांना ज्या मेल्स जातात, त्या लिहायचं काम हृषीचं, इथे घरी बसूनच करतो. त्यानेच बकुळेच्या फोनवर ते चढवून दिलं आणि हात झटकले. "काकू, पुढचं मी काही सांगणार नाही. मेल वाचून तूच कर. तुला जमलं तर कुणालाही जमेल."

तिला जमलं. मला फोन करून ऐटीत म्हणाली, "ताई, सगळं मी एकटीने केलं हं."

मग जानेवारीत ती मोरीच्या ओल्या फरशीवर पडली. खुबा मोडला. फोन कमरेला खोचलेलाच असायचा. तिने बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं, ते सगळं त्या फोनात उमटलेलं आहे. सकाळी दूधवाल्या भैयाने शेजारच्यांना बोलावून दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडाने नाही गेल्या, थंडीने गेल्या. म्हणजे सावकाश गेली.

तिने नंबर दिला होता आमच्या यांचा. नाव मी तोंडाने घेत नाही, इथे लिहिते: यज्ञेश्वर. यांना ऐकू कमी येतं, आणि फोन कपाटात बंद करून ठेवतात, उगाच बॅटरी उतरते म्हणून. हे साऱ्या खानदानाला ठाऊक, बकुळेलाही ठाऊक. हृषीचा फोन जेवतानासुद्धा हातात असतो, तो सोडून तिने यांचा दिला. म्हणून हृषी म्हणतो, तिची चूक.

दीनानाथांच्या देखत मी म्हटलं, "ती मेल काढ आणि वाच."

"आई, आता कशाला?"

"मला तुझ्यासारखं भराभर वाचता येत नाही, म्हणून."

त्याने लॅपटॉप उघडला. मेल हिंदीत होती. "बकुळा जी, हमारे परिवार में आपका स्वागत है। अब आप कभी अकेली नहीं। बस एक छोटा-सा काम, अपने घर के सबसे ख़ास सदस्य का नंबर जोड़ दीजिए।" खाली फुग्यांचं चित्र.

"पुढे?"

"संपली."

"जवळ कोण राहतं, फोन झटकन कोण उचलतं, ते कुठे विचारलंय?"

"तसं विचारलं की रुक्ष वाटतं. पहिल्याच मेलमध्ये पडणं, मरणं आणलं की लोक घाबरून बंद करतात. आधी आपलेपणा यायला हवा, आई."

"आणि बटण एकदा दाबून बघा, फोन वाजतो का, ते?"

"ते तिसऱ्या मेलमध्ये. दुसऱ्या हप्त्यात जाते." मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "काकूला ती पोचलीच नाही. त्याआधीच ती पडली."

आमच्याकडे लग्नाची अक्षत द्यायला निघालं की पहिली महालक्ष्मीला, मग घरच्या वडीलधाऱ्यांना. ते अंथरुणाला खिळलेले असोत, त्यांना आमंत्रणाचा अर्थ कळो न कळो. बकुळेने उभ्या जन्मात यांच्या आधी दुसऱ्या कुणाच्या पानात भाजी वाढली नाही. तिला घरातलं सर्वांत खास माणूस विचारल्यावर ती थोरल्या दिरांना ओलांडून पुतण्याचं नाव घालणार होती?

"तुझी बायको लग्न होऊन आली," मी म्हटलं, "तेव्हा मी आधी तिला गॅस बंद करायचा खटका दाखवला. कौतुकं नंतर केली. तू आधी फुगे लावलेस."

त्याने मेल मिटायला बोट पुढे केलं.

"आजही हीच जाते लोकांना?"

"रोज. आपोआप."

"मग बदल."

"माझे बॉस, आशुतोष सर, नको म्हणतात. आमच्या सगळ्या मेल्समध्ये हीच सर्वांत जास्त उघडली जाते. मार्चपर्यंत हिला हात लावायचा नाही, असं ठरलंय."

"बकुळेचं सांगितलंस त्यांना?"

त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "कळवलं. वापरणाऱ्याची चूक, असं लिहिलं."

दीनानाथांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"ही बदलायला हात कुणाचा लागतो? तुझा की त्या सरांचा?"

"माझाच."

उद्या बकुळेचं मासिक. तिला अग्नी हृषीनेच दिला होता, म्हणून पिंडालाही तोच बसणार, असं गुरुजींना कळवून ठेवलेलं. दीनानाथ हळूच म्हणाले, "जाऊ द्या ताई, लेकरू आहे."

"चाळिशीला आलंय लेकरू," मी म्हटलं. मग हृषीकडे वळले.

"नीट ऐक. तू जे विचारलंस त्याचं तिने बरोबर उत्तर दिलं. तुला वाजणारा फोन हवा होता, तर वाजणारा फोन मागायचास. तू मान विचारलास, तिने मान दिला. चूक तुझी आहे, आणि ती मेलेल्या बाईच्या नावावर लिहून दिलीस, हे त्याहून वाईट. उद्या पिंडाला दीनानाथ बसतील. ती मेल बदल, त्या सरांना खरं काय ते लिही, आणि तोवर या घरात बकुळेचं नाव तोंडाने घेऊ नकोस."