आघाडीची धाव

वहीताई एकवीस वर्षं आपल्या संघाच्या धावा लिहीत होती. तिच्याआधी तिचे वडील लिहायचे. त्यांच्या काळी ही राष्ट्रीय स्पर्धा नुसती बाद पद्धतीची होती. दोन दिवस प्रवास करून जायचं, हरायचं आणि बॅग पुरती न उघडताच परतायचं. पुढे गट पडले, साखळी सामने आले, गुण आले. स्पर्धेने इतकी रूपं पालटली, पण हा संघ बाद फेरीत एकदाही पोचला नाही. एवढं सातत्य विजेत्यांनाही जमत नाही!

आज मात्र घास तोंडाशी आला होता. शेवटचा साखळी सामना, चौथ्या दिवसाची दुपार. ओल्या मैदानाने दीड दिवस खाल्लेला, त्यामुळे सामना अनिर्णित राहणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अशा वेळी पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला तीन गुण, दुसऱ्याला एक. तीन मिळाले की बाद फेरी. समोरच्यांच्या तीनशे अकरा. यांच्या नऊ बाद तीनशे दहा.

शेवटचा फलंदाज, ज्याला सगळे उंट म्हणत, त्याने चेंडू ढकलला आणि धापा टाकत दोनदा पळाला.

"दोन!" ताई ओरडली. शेजारी बसलेल्या समोरच्या संघाच्या लेखनिकाने, चष्मेकाकांनी, तिच्या आवाजावर भरवसा ठेवून दोन लिहिल्या. फलकावर तीनशे बारा लागले. उंटाने हातमोजे काढून जोडीदाराला कडकडून मिठी मारली.

ताईचा उजवा हात अजून वरच होता. पंचांची खूण पोचली, हे सांगायला लेखनिकाने हात वर करायचा असतो. पण साध्या दोन धावांना पंच खूणच करत नाहीत. मग हात वर गेला कसा? तिला आता उमगलं. पंचांनी खांद्याला बोटं लावली होती: एक धाव अपुरी, उंटाची बॅट रेषेपर्यंत टेकलीच नव्हती. हाताने सवयीने पोच दिली होती, आणि आनंदाच्या भरात तोंडाने दोन म्हटलं होतं.

काकांना पत्ताच नव्हता. गप्प बसली असती, तर कोण विचारणार होतं?

"काका, एकच. चूक माझी."

फलक एकाने उतरला. कर्णधार तणतणत जिना चढून आला. "ताई, तुम्ही आपल्या की त्यांच्या?"

"आधी वहीची," ती म्हणाली. "जा, उंटाला सांग, अजून एक हवी."

उंटाने हातमोजे पुन्हा चढवले. तीन चेंडू त्याने नुसते अडवले. चौथा बॅटची कड घेऊन स्लिपमधून निसटला आणि सीमारेषेकडे पळाला. पंचांनी चौकाराची खूण केली. ताईने हात वर केला, पण लिहायच्या आधी काकांकडे पाहिलं.

"चार, पोरी," काका चष्मा पुसत म्हणाले. "या वेळी मी स्वतः पाहिलंय."

ताईने चार लिहिल्या आणि भर दुपारी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.