डावीकडचे दिवे

मी एक जुना दिव्यांचा फळा आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कारखान्यात मला शिकवलं ते एवढंच: बटण दाबलं नाही तर दिवा विझायचा नाही.

पुढे मी रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत आलो. पक्षाघातानंतर काहींचे डोळे शाबूत असतात, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच मेंदू विसरतो. अशी माणसं ताटातलं उजवीकडचं संपवून आणखी वाढा म्हणतात. मी कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिवा लावतो. रुग्णाने तो शोधून दाबायचा. शेवटी मी गुण दाखवतो. नव्याची नवलाई होती तेव्हा डॉक्टर मला पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. आता माझ्यावर टॉवेल वाळत घालतात. चालायचंच!

एकदा माझ्यासमोर व्हॅन चालवणारे काका आले. उजवीकडचे दिवे ते पटापट विझवत, डावीकडचे तसेच जळत राहत. गुण पाहून ते रडवेले होत आणि घरी जेवत नसत. मग अचानक त्यांचे गुण वाढले. थेरपिस्टताई खूश झाल्या. मला मात्र दाल में कुछ काला दिसू लागलं. काकांचं बोट जाड आणि खरखरीत, डावीकडे मात्र मला बारीक, गार बोट लागत होतं. शिवाय काकांची नजर तिकडे वळतच नव्हती. मग दाबतंय कोण?

ताई पडद्यापलीकडे दुसऱ्या रुग्णाला चालवायला गेल्या की काकांच्या पत्नी, काकू, चोरपावलांनी आत येत आणि काकांच्या डावीकडे बसत. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता, म्हणून त्या चकार शब्द काढत नसत. मी सगळं ओळखलं. पण मला वाचा कुठे? माझ्या गुणांवर डॉक्टर काकांना पुन्हा व्हॅन चालवू देणार होते. डावीकडून एखादं पोर रस्त्यात धावत आलं तर? माझा नुसता जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशीही काकू डावीकडे गप्प बसल्या होत्या. पडदा सारून ताई आल्या आणि गुण पाहून म्हणाल्या, "काका, छान! आता व्हॅनसाठी डॉक्टरांशी बोलते."

काकू एकदम उभ्या राहिल्या. "अहो ताई, व्हॅन नको! मला वाटलं, नुसते गुण आहेत. डावीकडचे दिवे मी विझवत होते. ह्यांनी चार घास खावेत म्हणून हो!"

काकांचा चेहरा उतरला. ते समोरच बघत चिडून म्हणाले, "काहीतरीच काय बोलतेस! तू तर कधी आतच आली नाहीस!"

काकू त्यांच्या डाव्या खांद्याला अगदी लागून उभ्या होत्या.

माझा संशय खरा ठरला, मित्रांनो, पण मला जराही आनंद झाला नाही. काकूंना रडू आवरेना. ताईंनी त्यांना पुन्हा डावीकडेच बसवलं आणि सांगितलं, "हात मांडीवर ठेवा. त्यांना फक्त हाक मारा."

काकू आता रोज हाक मारतात. काका मान वळवू पाहतात, अर्ध्यातच थांबतात, पुन्हा वळवतात. गुण कमी येतात, पण ते त्यांचे स्वतःचे असतात. म्हणून सांगतो, आजारी माणसाच्या वाटचं काम तुम्ही उरकू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला हाक मारा, आणि तो तुमच्याकडे वळेपर्यंत उठू नका.