कुसुमबाईचं बोट

यशोदाबाई अल्काच्या ओट्यावर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटावर अख्खं लिंबू खोचलेलं होतं. नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडायचं, आत हळद-मीठ भरायचं आणि त्यात बोट घालून बसायचं, हा इकडचा जुना इलाज. रस कोपरापर्यंत ओघळला होता. जिच्या दारात माणसं चपला हातात घेऊन उभी राहायची, ती टोल्याची पाटलीनबाई आज अल्काच्या दारात हात वर धरून उभी होती.

अल्काला काय वाटलं? खोटं कशाला बोला, तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बावीस वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती, आणि तो दिवस असा लिंबू लावून येईल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अल्का गावची आशा सेविका. आमगावपासून आठ किलोमीटरवरच्या या टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, बोटाचं, कातडीचं काही झालं की बायका आधी तिच्याकडे येतात. विळा लागला की लोक जखमेत चुना भरतात, तंबाखू दाबतात. भाजलं की टूथपेस्ट फासतात. अल्का आधी चार शिव्या घालते, मग बोट धुते. साबण, स्वच्छ पाणी, धुतलेली चिंधी घट्ट दाबून हात वर धरायचा, भाजलं असेल तर बोट गार पाण्यात ठेवायचं, एवढीच तिची विद्या. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत चिखलानं बोटांच्या बेचक्या सडतात, तेव्हा ती सांगते, धुवा, कोरड्या करा आणि खाजवणार असाल तर माझ्या दारात येऊ नका. तिचा हात हलका आणि तोंड जड, असं गाव म्हणतं. गाव खोटं बोलत नाही. म्हणजे याबाबतीत तरी.

एका बाबतीत मात्र गाव बावीस वर्षं खोटं बोलत होतं, आणि ते खोटं या लिंबूवालीनं पेरलेलं होतं.

अल्का तेव्हा बारा वर्षांची. तिची आई कुसुमबाई यशोदाबाईच्या नवऱ्याच्या, उमराव पाटलाच्या, वावरात धान कापायला जायची. एका सकाळी यशोदाबाईनं तिला कुपाच्या, म्हणजे कुंपणाच्या, बाभळीच्या फांद्या ओढायला लावल्या आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात काटा मोडला. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं. यशोदाबाईनं दिव्यावर बिब्बा तापवला आणि त्याचं ते काळं, जळजळीत तेल काडीनं कुसुमबाईच्या बोटावर सोडलं. काडीनं, कारण बौद्ध मोहल्ल्यातल्या बाईच्या बोटाला पाटलीनबाईचा हात कसा लागणार! रात्रीतून बोट उतलं, फोडांनी भरलं. कुसुमबाईनं सुट्टी मागितली, तर वावरात धान पडलं आहे, भारे कोण बांधणार, असं उत्तर मिळालं. त्या बोटानं तिनं चार दिवस भारे बांधले. पाचव्या दिवशी तापानं फणफणली, तेव्हा तिला गोंदियाला नेलं, आणि डॉक्टरनं बोट मुळापासून काढलं.

त्या वर्षी उमराव पाटील सरपंचकीला उभे होते. लोक विचारायला लागले, पाटलाच्या कामावर बाईचं बोट गेलं म्हणजे काय? मग एके दिवशी बोरिंगवर पाणी भरताना यशोदाबाईनं बायकांना हळूच सांगितलं की, कुसुम अंधारात आमच्या वावरातलं धान कापून नेत होती, तेव्हाच तिला विळा लागला, आम्ही आपले गप्प बसलो. झालं! त्यांतल्या सुशिलाबाईनं दुसऱ्याच दिवशी त्याच बोरिंगवर कुसुमबाईला तोंडावर चोट्टी म्हटलं. त्यानंतर ज्यांच्या अंगणात धान होतं, त्यांनी कुसुमबाईला कामाला बोलावलं नाही. तिला बघितलं की बायका खळ्यावरचं सूप उचलून आत ठेवायच्या. रोवणीत जिच्या हाताला गावात जोड नव्हती, ती बाई वीटभट्टीवर माती तुडवायला गेली.

आणि आई काय म्हणायची? जाऊ दे वं. अल्का शाळेतून रडत यायची, चोट्टीची पोर म्हणाले म्हणून सांगायची, तर आई भाकर थापता थापता म्हणायची, जाऊ दे वं. या शब्दांचा अल्काला बिब्ब्यापेक्षा जास्त राग होता.

तर, लिंबू. अल्कानं ते ओढून काढलं आणि कोंबड्यांकडे फेकलं. यशोदाबाई कळवळली. धानाचं कुसळ नखाच्या कडेला रुतलं होतं, ते दातानं ओढताना कातडी सोलली आणि मग बोट ठणकायला लागलं. नखाची कड लालभडक, फुगलेली. अल्कानं ताप विचारला, साखर विचारली, दोन्ही नव्हतं. लाली पहिल्या पेराच्या खाली उतरली नव्हती. उतरली असती, तर अल्का तिला त्याच पावली ऑटोत घालून आमगावच्या दवाखान्यात घेऊन गेली असती, हेही खरं. राग वेगळा आणि काम वेगळं.

पण हे साधं नखुरडं होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दिवसातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं बोट बुडवायचं, दाबायचं नाही, सुईनं टोचायचं नाही. चार-पाच दिवसांत फुटून मोकळं होणार होतं.

यशोदाबाईनं तोंड जवळ आणून विचारलं, "अल्का, बोट जाईन का वं? कापतेत का तिथं?"

तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती कुणाचं बोट पाहून तिथं बसली होती हे अल्काला पक्कं ठाऊक होतं. ‘नाही जात’, एवढंच अल्कानं म्हणायचं होतं. सातबारा लिहून द्यायचा नव्हता की शपथ घ्यायची नव्हती. अल्का उठली आणि पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवायला आत गेली.

मग तिनं हुकूम सोडला, तीन वेळा इथंच यायचं, इथंच ओट्यावर बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर. गरम पाणी काय पाटलाच्या घरी मिळत नव्हतं? पण यशोदाबाईच्या अंगात त्या वेळी हो ला नाही म्हणायचं बळ नव्हतं. गंज समोर आला तेव्हा तिचा हात पाण्याच्या वर थबकला. त्या गंजात या घरची डाळ शिजायची. अल्कानं ते पाहिलं, तिचं मनगट धरलं आणि बोट पाण्यात घातलं. या घरचा हात त्या घरच्या कातडीला लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

टोल्यावर बातमी लपत नाही. कापणीचे दिवस, संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बायकांची वाट ओट्यावरूनच. जमुनाबाई थांबली, अनुसयाबाई टेकली, आणखी चारपाच जणी पाय मोकळे करायला म्हणून बसल्या. पाटलीनबाई बौद्ध मोहल्ल्यात गंजात बोट बुडवून बसली आहे, हे पाहायला कोण येणार नाही? कुसुमबाई तेवढी आत तांदूळ निवडत होती. बाहेर फिरकली नाही. रात्री जेवताना ती अल्काला म्हणाली, म्हातारीला कायले छळतं, जाऊ दे वं. अल्का ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका जमल्यावर अल्कानं विचारलं, "काकी, माह्या मायचं बोट कसं गेलं ते या बायकायले सांगा."

यशोदाबाईचा चेहरा उतरला, मग चढला. आशागिरी काय मिळाली, लहानाची मोठी झाली, असं काहीतरी ती बोलली, तिनं गंज लवंडवला आणि हात पदरात धरून ती तरातरा निघून गेली. अनुसयाबाईला कमी ऐकू यायचं, ती सगळ्यांना काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली. अल्का ओटा पुसायला लागली. वाटलं, गेलं सगळं हातचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईची सून मंजू आली. लग्न होऊन दहा वर्षं झालेली, सरळ मनाची बाई. सासू रात्रभर विव्हळत होती म्हणाली. मंजूनं डब्यातून बिब्बा काढला, दिवा लावला, तर सासूनं तो हिसकून अंगणात भिरकावला आणि ओरडली, माहं कुसुमसारखं करतं का?

"पण कुसुमबाईचं तं विळ्यानं कापलं होतं ना?" मंजूनं अल्कालाच विचारलं. "मंग सासूबाई बिब्ब्याले कायले भेली?"

म्हणजे बिब्ब्यानं काय होतं ते यशोदाबाईला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, डब्यात बिबे असूनही स्वतःच्या अंगाला एक लावू दिला नव्हता तिनं! दुसऱ्याच्या पोरीला शाळेत चोट्टीची पोर म्हणून ऐकायला लावलं आणि स्वतःच्या बोटावर मात्र एवढी माया. अल्काचं डोकं तापलं. ती मंजूबरोबर गेली नाही. सासूला सांग, पाणी संध्याकाळी गरम राहील, एवढाच निरोप तिनं दिला.

संध्याकाळी यशोदाबाई आली. स्वतःच्या पायानं आली, स्वतःच ओट्यावर बसली आणि बोट स्वतःच पाण्यात घातलं. ठणक्यानं डोळे खोल गेले होते. नखाच्या कडेला पांढरं टोक धरलं होतं. म्हणजे आता एकदोन दिवसांचाच प्रश्न होता. बायका बसल्या होत्या, आदल्या दिवसापेक्षा जास्तच. यशोदाबाईनं पुन्हा तेच विचारलं, बोट जाईल का.

"आधी मायच्या बोटाचं बोला," अल्का म्हणाली. "मंग तुमच्या बोटाचं बोलू."

आत सुपाचा आवाज थांबला. मग यशोदाबाई पाण्याकडे पाहत बोलायला लागली.

"कुसुमनं चोरी नोती केली. काटा आमच्या कुपाचा होता. बिब्बा मीच लावला. बोट उतलं, सुट्टी मागत होती, मी नाही देली. धनी निवडणुकीले उभे होते, म्हून चोरीचं मीच उठवलं."

जमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. दोघी-तिघी एकमेकींकडे बघायच्या टाळत होत्या, कारण सूप उचलून आत ठेवणाऱ्यांत त्याही होत्या. अनुसयाबाई हिला-तिला कोपरानं ढोसत होती.

अल्कानं यशोदाबाईचा हात पाण्यातून काढला, स्वच्छ फडक्यानं टिपला आणि म्हणाली, "बोट नाही जात. मले पहिल्याच दिवशी माहीत होतं."

यशोदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "मंग सांगितलं काऊन नाही?"

"मी तीनच दिवस नाही सांगितलं, काकी. तुम्ही बावीस वर्षं नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाण्यातच फुटलं. पू वाहून गेला, ठणका थांबला, आणि यशोदाबाईला बसल्या बसल्या डुलकी लागली. अल्कानं बोट धुतलं, मलम लावलं, सैल पट्टी बांधली. राग गेला होता का? छे. थोडा बसला होता, एवढंच. पण काम झालं होतं, आणि उगाच ताणण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगितलं, आता इथं यायची गरज नाही, घरीच दोन दिवस शेका, पट्टी ओली राहू देऊ नका, नखं दातानं कुरतडू नका.

यशोदाबाई उठली. सुटल्यासारखं तोंड करून तिनं ओट्यावरून एक पाय खाली टाकला, तोच कुसुमबाई बाहेर आली. चार दिवसांत पहिल्यांदा. तिनं गंज उचलला, पाणी झाडाला नाही, नालीत ओतलं, आणि आपल्या उजव्या हाताची चार बोटं पदराला पुसली. अल्काला वाटलं, आता आई तेच शब्द म्हणणार. तिनं दात आवळले.

"घरी कायले शेकता, पाटलीनबाई?" कुसुमबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आज सांजच्याले या. काल सुशिलाबाई लेकीकडं आमगावले गेली होती. तिनं नाही ऐकलं."

यशोदाबाईनं अल्काकडे पाहिलं. बोट बरं झालं होतं, हे दोघींनाही दिसत होतं.

"हो," अल्का म्हणाली, "अजून शेकावं लागन."

"अनुसयाबाईले ऐकू येत नाही, तिले जोरानं सांगा लागन," कुसुमबाई ओट्यावर बसत म्हणाली. "मंग वीटभट्टीवाल्या बाया आहेत. तुमच्या मोहल्ल्यातल्या आहेत, त्याईले मी बलावून आनतो. शाळेतली बाई आहे."

ती एकेक नाव घेत बोटांवर मोजत होती. उजव्या हाताची चार संपली, तेव्हा तिनं डावा हात घेतला.